मिल्क बारची पितळी दांडी

जावयाच्या घरी आठ दिवस राहिलं तर त्याला पाहुणचार म्हणतात. दोन महिने राहिलं तर लेकीचं बाळंतपण वगैरे काहीतरी कारण तरी असावं लागतं. पण धडधाकट सासूनं काहीही कारण नसताना जावयाच्या घरी आठ महिने मुक्काम ठोकला, तर त्याला काय म्हणायचं? सांगलीच्या मीनाक्षीबाईंना ते माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची सोयही नव्हती.

बरं, यात बाईंचा काय दोष? नात उर्वी शाळेत जायला लागणार म्हणून त्या फेब्रुवारीत मेलबर्नला आल्या. परतीचं तिकीट मे महिन्याचं. यजमान मोहनराव बरोबर आलेच नाहीत, कारण विमान म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. 'तू जाऊन ये, मी घर सांभाळतो,' म्हणाले. मार्चमध्ये करोना आला आणि विमानं बंद झाली. मे गेला, जून गेला, आणि जुलैत या गावानं पुन्हा दारं लावून घेतली. तोंडाला मास्क, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, संध्याकाळनंतर घराबाहेर पडायचं नाही. मीनाक्षीबाई मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या जावयाच्या घरात अडकल्या त्या अडकल्याच. तिकडे मोहनराव वरणभात करायला शिकले, ही एक चांगली गोष्ट सोडली तर सगळाच आनंद.

लेक ऋतिका एका विमा कंपनीत होती. तिचं ऑफिस आता बेडरूममध्ये आलं होतं. सकाळी कानाला हेडफोन लावून दार बंद करायची, ते दुपारी जेवायलाच उघडायची. त्यामुळे दिवसभर घरात सासू, नात आणि येता-जाता जावई. जावयासमोर सोफ्यावर बसायलासुद्धा बाईंना कानकोंडं व्हायचं. पोळी लाटताना तो पाणी प्यायला आला की त्या उगाच पदर सावरायच्या. त्याच्या घरचं मीठ खातोय, त्याच्या विजेवर हीटर लावून झोपतोय, आणि हा माणूस तोंडातून चकार शब्द काढत नाही! उलट चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं एकदा त्या मोहनरावांना फोनवर म्हणाल्या. मोहनराव म्हणाले, "मग माग की शिव्या." या माणसाला कधी काही सांगायची सोय नाही.

तर हा जावई, उल्हास. त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ऑस्ट्रेलियात राहणारे जावई म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप येतो, आणि याच्या हातात पटाशी असते. उल्हास कराडचा. बारा वर्षांपूर्वी आला तो स्वयंपाकाच्या कोर्सला. त्याला काय स्वयंपाकाची आवड होती? छे! त्या काळी त्या कोर्सवर पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळायचा, म्हणून निम्मं कराड-सातारा बटाटे सोलायला इकडे आलं होतं. कोर्स संपत आला आणि सरकारनं नियमच बदलले. झालं, मुसळ केरात! मग याने हॉटेलात भांडी घासली, टॅक्सी चालवली, एका गोदामात खोकी उचलली. शेवटी दुकानांची अंतर्गत कामं करणाऱ्या एका सुताराकडे लागला आणि तिथे मात्र त्याचा हात बसला. रीतसर शिकला, परीक्षा दिल्या, आणि त्याच कामावर अखेर पीआर मिळवला.

ऋतिकाने हा मुलगा पसंत केला तेव्हा सांगलीत थोडी कुजबुज झाली होती. मुलगी इंजिनिअर आणि मुलगा सुतार! मीनाक्षीबाई नातेवाइकांना सांगायच्या, "इंटिरिअरमध्ये आहे." खोटं नव्हतं ते. फक्त खरं जरा पॉलिश करून सांगितलेलं होतं.

उल्हासला दुकानांच्या कामात एक खोड लागली. नवं दुकान थाटायचं म्हणजे आधी जुनं उखडायचं, आणि ते उखडलेलं सामान दारातल्या मोठ्या लोखंडी पेटीत फेकून द्यायचं. बाकीचे फेकायचे. याच्याने फेकवेना. त्यातही मिल्क बारचं सामान निघालं की याचा जीव तुटायचा. मिल्क बार म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं जुनं दुकान. दूध, ब्रेड, पेपर, काचेच्या बरण्यांमध्ये रंगीबेरंगी गोळ्या, त्यांना इथे लॉली म्हणतात, आणि उंच स्टीलच्या पेल्यात फेसाळ मिल्कशेक. आइस्क्रीम खायला आत दोन-चार टेबलं. बहुतेक ग्रीक नाहीतर इटालियन कुटुंबं ती चालवायची. आता ती दुकानं एकेक करून बंद पडत होती. उल्हास तिथली स्टुलं, खुर्च्या, काचेची कपाटं घरी आणायचा, रविवारी दुरुस्त करायचा. गाडी बाहेर पावसात भिजायची आणि गॅरेजमध्ये कुणा परक्याच्या आइस्क्रीमच्या खुर्च्या ऐटीत बसलेल्या असायच्या. मोहनरावांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोनवर हळूच विचारलं, "अगं, जावई बारचं सामान घरात आणतात?" त्यांना समजावताना बाईंचा अर्धा तास गेला.

लॉकडाऊन लागला, तशी दुकानांची कामं थांबली. उल्हास लोकांच्या घरी पार्सलं पोचवायच्या कामाला लागला. पहाटे उठून जायचा, दुपार टळली की पाठ धरून यायचा. तक्रार नाही. पण त्याच्या मनात काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला हे पार्सल नको होतं आणि नव्या दुकानांची प्लायवूडची कपाटंही नको होती. त्याला जुन्या दुकानांचं काम करायचं होतं, तेवढंच, पोटापाण्यासाठी. आणि ते जमण्यासारखी एकच आशा होती: ग्लेन.

ग्लेन म्हणजे मेलबर्नच्याच ब्रन्सविक भागातला एक जुन्या सामानाचा व्यापारी. जुन्या थाटाची आइस्क्रीम पार्लरं, कॅफे सजवून द्यायचं त्याचं काम. उल्हासने एका खेडेगावातल्या बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानाचं पूर्ण सामान उचलून आणलं होतं. लोखंडी तार पिळून केलेल्या, पाठीला बदामाचा आकार असलेल्या खुर्च्या, संगमरवरी गोल टेबलं, पुढे पाय ठेवायला जाडजूड पितळी दांडी असलेलं लाकडी काउंटर, आणि काउंटरमागचा मोठा आरसा. आरशावर कुणीतरी हाताने सोनेरी रंगात आइस्क्रीमची नावं लिहिलेली होती, निम्मी उडालेली. ग्लेनने व्हिडिओवर हे पाहिलं आणि म्हणाला, लॉकडाऊन सैल झाला की सगळं नेतो. आणि हे नीट जमलं तर बेंडिगो गावात एक अख्खं लॉलीचं दुकान मोडायचंय, त्याचं सगळं सुतारकाम तुझं. त्या दिवशी उल्हास जेवताना दोनदा हसला. ऋतिका म्हणाली, "आई, बघ, याला दात आहेत."

आता आला अधिक महिना. त्या वर्षी अधिक अश्विन होता, म्हणून नवरात्र महिनाभर पुढे गेलेलं. अधिक महिन्यात जावयाला नारायण मानून वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, कपडे. मोहनरावांचा फोन आला. "काय देणार आहेस? लग्नानंतरच्या अधिकात त्यांना इकडे यायला जमलं नव्हतं. या वेळी तू तिथेच आहेस. काहीतरी चांगलं दे."

काय देणार? सोनाराची दुकानं बंद. ऋतिकाला सांगून ऑनलाइन मागवलं तर ते लेकीच्याच पैशाचं, म्हणजे जावयाचंच जावयाला. बाईंना ते पटेना. अनारसे करता येतील, इंडियन दुकानात तांदूळ, गूळ, खसखस मिळत होती. पण निरांजनाच्या जागी काय? आठ महिने या माणसाने आपल्याला सांभाळलं. गुडघे दुखतात म्हणून न सांगता बाथरूममध्ये धरायला लाकडी कठडा बसवून दिला. देवघर नव्हतं, तर उरलेल्या सागवानाचं केवढंसं गोड देवघर करून दिलं. त्याला द्यायला आपल्याकडे आहे काय? दोन हात. बास.

आणि त्या हातांना एक गोष्ट मात्र बिनचूक येत होती. सांगलीकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं झाडून सगळं बाहेर काढायचं. गोधड्या, डबे, पिंपं, पाट, तसबिरी, आणि घासून-धुऊन उन्हात वाळवायचं. घट बसायच्या आत घरात काळपट म्हणून काही राहता कामा नये. मीनाक्षीबाईंचा दसरा बघायला गल्लीतल्या बायका यायच्या. त्यांनी गॅरेजच्या दारात उभं राहून आत नजर टाकली. ती दांडी! पितळेची आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये इतकी काळीठिक्कर. ते टेबलांचे डागळलेले संगमरवर. तो आरसा, अर्धवट उडालेल्या अक्षरांनी कळकट झालेला. टेबलाच्या खाली हात लावला तर कुणाकुणाचं वाळून दगड झालेलं च्युइंगम. ईऽऽ! बिचारा जावई पार्सलं टाकून दमून येतो, याला घासायला वेळ कुठून मिळणार? आणि तो ग्लेन हे असलं बघून पैसे देणार?

बाईंनी पदर खोचला.

दुपारी जावई कामावर, ऋतिका दाराआड, उर्वी तिच्या ऑनलाइन शाळेत. गॅरेजमध्ये बादली आली. चिंचेचा कोळ आणि मीठ, वर भांड्यांचा साबण. आधी दांडी घेतली. पहिल्या दिवशी वीतभर पितळ डोळे उघडून बघायला लागलं तेव्हा बाईंना इतका आनंद झाला की एकट्याच हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा आपण या घराच्या काही उपयोगाच्या आहोत असं त्यांना वाटलं. रोज काम संपलं की त्या सगळ्यावर जुन्या चादरी टाकून ठेवायच्या. उल्हासने विचारलंच एकदा, तर म्हणाल्या, "धूळ बसते हो." उर्वी मात्र एकदा दारात येऊन उभी राहिली. "आजी, इज धिस अलाउड?"

"हो गं."

"डझ बाबा नो?"

"सरप्राइज आहे. बोलायचं नाही."

टेबलांखालचं च्युइंगम त्यांनी उलथन्याने खरवडलं. आरशावरची ती अर्धी अक्षरं म्हणजे कुठल्यातरी जुन्या जाहिरातीचे अवशेष, असं समजून जावयाच्याच एका ब्लेडने अलगद काढून टाकली. अगदी ओरखडासुद्धा न उठवता! मग कागदाने काच पुसली आणि त्यात स्वतःचा चेहरा बघितला. केस बरेच पांढरे झाले होते. खुर्च्यांनाही हात घालणार होत्या, पण लोखंडावरचा हिरवा रंग साबणाला दाद देईना, आणि तेवढ्यात अनारशांच्या पिठाची वेळ झाली.

अधिकातल्या एका शनिवारी दुपारी वाण दिलं. ऋतिका बाहेर आली, उर्वीने फ्रॉक घातला. बाईंनी जावयाला कुंकू लावलं, औक्षण केलं, अनारशांचं ताट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "निरांजन द्यायला हवं होतं. ते मिळालं नाही. त्याच्याऐवजी हे घ्या." आणि गॅरेजमध्ये नेऊन चादरी ओढल्या.

दांडी अशी लखलखत होती की डोळ्यांवर यावी. आरशात चौघंही स्वच्छ दिसत होते.

उल्हासचा चेहरा एकदम उतरला. बाईंना वाटलं, पोराला भरून आलं. तो आरशाजवळ गेला. जिथे अक्षरं होती तिथे त्याने बोट ठेवलं, फिरवलं. मग वळून ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "किती कष्ट घेतलेत आई तुम्ही. केवढं चकचकीत केलंत." आणि खाली वाकून त्याने त्यांच्या पायांना हात लावला.

"अहो! या महिन्यात तुम्ही नाही वाकायचं! तुम्ही नारायण!" बाई दोन पावलं मागे सरल्या. त्या रात्री त्यांनी मोहनरावांना फोनवर सगळं सांगितलं, दोनदा. मोहनराव म्हणाले, "निरांजनापेक्षा हे बरं झालं. निरांजन कपाटात पडून राहिलं असतं."

दोन दिवसांनी बाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. गॅरेजचं आतलं दार उघडं होतं. उल्हास फोनवर ग्लेनला सामान दाखवत होता. ग्लेनचा आवाज आधी नेहमीसारखा होता. मग एकदम चढला. आठ महिने रोज टीव्हीवर प्रीमियरचं, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांचं, भाषण ऐकून बाईंना इंग्रजी बरंच समजायला लागलं होतं, आणि काही गोष्टी समजायला भाषा लागतही नाही.

"हू डिड धिस?" ग्लेन विचारत होता. "हू द हेल डिड धिस?"

"आय डिड, मेट," उल्हास म्हणाला. "माय मिस्टेक."

पलीकडून बरंच काही आलं. त्यातलं त्यांना कळलं ते असं की तू समजदार आहेस असं मला वाटलं होतं, ज्याला एवढंही कळत नाही त्याच्या हातात मी बेंडिगोचं दुकान देऊ शकत नाही, सॉरी. उल्हास नुसता "येस, येस, फेअर इनफ" म्हणत होता.

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्या सरळ ऋतिकाच्या बंद दारावर गेल्या. ती कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिला खूण करून बाहेर बोलावलं. "खरं सांग. मी काय केलं?"

ऋतिका आधी टाळत होती. मग म्हणाली, "आई, अगं, या लोकांना तो जुनेपणाच हवा असतो. त्या काळेपणालाच किंमत असते. आणि सगळ्यात जास्त त्या अक्षरांना. ती ज्या माणसाने लिहिली तो कधीच गेला. आता ती परत कुणी लिहू शकत नाही."

आता बोला! काळेपणाला किंमत! सांगलीत काळं पितळ दारात ठेवलं तर मोडीचा भाव येतो. पण बाईंना हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. ज्याने आपल्याला आठ महिने डोक्यावर घेतलं, त्याचा एकुलता एक रस्ता आपण चिंच-मीठ लावून घासून टाकला. आणि वर त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतलं. त्या दिवशी त्यांना घास गिळेना. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हास चहा घेऊन आला. जावई सासूला चहा आणून देतोय, हेसुद्धा आता असह्य झालं. बाई उठून बसल्या. "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो आई?"

"खरं. की म्हातारीने घोटाळा केला. तुमचा काय दोष होता त्यात?"

उल्हास खुर्ची ओढून बसला. त्याला बोलायची सवय कमी, शब्द शोधत बसतो. "तुम्ही ते मला वाण म्हणून दिलंत ना? मी घेतलं. मग ते माझं झालं. माझ्या वस्तूचं काय झालं ते मीच सांगणार. आणि दिलेल्या वाणाला नावं ठेवायची असतात का?" एवढं बोलून तो पार्सलांवर निघून गेला. चहा बराच वेळ तसाच राहिला. बाई त्या कपाकडे बघत रडल्या, अगदी पोटातून रडल्या. देवाने असा जावई दिला आणि आपण त्याला इंटिरिअरमध्ये आहे म्हणून सांगत फिरलो.

घट बसले. त्याच दोन-तीन दिवसांत सरकारने पाचाचे पंचवीस किलोमीटर केले. ग्लेनचा मेसेज आला, काउंटर आणि आरसा नको, खुर्च्या आणि टेबलं तेवढी न्यायला येतो, ड्राइव्हवेतूनच उचलतो. खुर्च्यांचा हिरवा रंग शाबूत होता म्हणून त्या वाचल्या होत्या. उल्हास म्हणाला, चला, तेवढं तरी झालं. बेंडिगोचं नाव कुणी काढलं नाही.

ग्लेन आला तो दुपारी. साठीचा उंच माणूस, अर्धी चड्डी, मोठ्या बुटांत लोकरीचे मोजे. त्याने सामान ट्रकमध्ये चढवायला सुरुवात केली. दोघेही मोजकंच बोलत होते. उल्हास दोऱ्या बांधत होता आणि एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखा खाली बघत होता.

मीनाक्षीबाई खिडकीतून हे बघत होत्या. बाईंनी ऑस्ट्रेलियात आल्यापासून परक्या माणसाशी 'हॅलो' आणि 'थँक्यू' यापलीकडे इंग्रजी बोललेलं नव्हतं. दुकानात ऋतिका बोलायची, पार्कमध्ये उर्वी. पण त्या उठल्या. देवासमोर हात जोडले, साडीवर कार्डिगन घातलं, पायात लेकीचे स्पोर्ट शूज, तोंडावर मास्क, आणि दार उघडून सरळ ड्राइव्हवेवर जाऊन उभ्या राहिल्या. शेजारची बाई कचऱ्याचा डबा ओढत होती ती थांबली.

"मिस्टर ग्लेन," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला. "आय वॉश. ही नो वॉश."

उल्हास दोरी सोडून धावत आला. "आई, राहू द्या. आत चला तुम्ही."

बाई त्याच्याकडे वळल्या. आठ महिन्यांत जावयावर कधी आवाज चढवला नव्हता तो आज चढवला. "वाण तुमचं, उल्हासराव. चूक माझी. ती मी तुम्हाला दिलेली नाही. ती तुम्ही ठेवून घ्यायची नाही." आणि पुन्हा ग्लेनकडे. "ही नॉट नो. आय डू, सीक्रेट. धिस मंथ, अवर मंथ, सन-इन-लॉ इज गॉड. मदर-इन-लॉ गिव्ह गिफ्ट. सिल्व्हर गिफ्ट. बट शॉप क्लोज्ड. आय हॅव ओन्ली..." शब्द आठवेना. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. चिंचेने आणि साबणाने बोटांची सालं निघालेली होती, नखांत अजून हिरवट काळं होतं. "ओन्ली धिस."

ग्लेनने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"देन यू आस्क, हू डिड. ही टेल लाय. फॉर मी. गुड मॅन, बट लाय." बाईंनी उल्हासच्या हातांकडे बोट केलं. "हिज हँड नो मिस्टेक. ट्वेल्व्ह इयर, नो मिस्टेक. यू गिव्ह हिम बेंडिगो. आय नो टच. प्रॉमिस." आणि त्यांनी गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली. ग्लेनला ती खूण काय कळणार? पण तो चिमटीकडे आणि त्या बोटांकडे बघत राहिला, आणि मग उल्हासकडे.

"इज दॅट राइट, मेट?"

उल्हासने होकारार्थी मान हलवली.

ग्लेनने मास्क जरा खाली ओढून नाक खाजवलं. मग म्हणाला, आणि हे त्यांना सगळं नीट समजलं, की माझी सासू तीस वर्षांत मला चहाचा कप देईना, आणि तुझ्या सासूने हाताची सालं काढली. काउंटर आणि आरसा मी घेऊ शकत नाही, ते गेलं ते गेलं. पण मला वाटलं होतं तू माल ओळखत नाहीस. ते तसं नाहीये. रस्ते उघडले की बेंडिगोला ये, हत्यारं घेऊन. आणि बाईंकडे बोट करून म्हणाला, "ओन्ली, लॉक हर अप."

बाई मास्कच्या आत हसल्या. शेजारीण टाळ्या वाजवत होती, तिला काय कळलं होतं देव जाणे.

ट्रक गेला. उल्हास मोकळ्या ड्राइव्हवेवर तसाच उभा होता. मग तो पायरीवर बसला, मास्क काढला आणि त्याच मास्कने डोळे पुसले. बाई घाबरल्या. "अहो, काय झालं? मी जास्त बोलले का? मिळालं ना काम?"

"मिळालं," तो म्हणाला. "आई, इथे आलो तेव्हापासून माझी बाजू मीच मांडत आलोय. कॉलेजला, मालकाला, व्हिसाच्या ऑफिसात. लग्नाच्या वेळी तुमच्यासमोरसुद्धा. माझ्यासाठी दुसरं कुणी उभं राहून बोललेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

मीनाक्षीबाई गुडघे सांभाळत त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. जावयाच्या इतक्या जवळ त्या कधीच बसल्या नव्हत्या. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"इंग्लिश कमी पडलं हो मला," त्या म्हणाल्या. "नाहीतर अजून पुष्कळ सांगणार होते तुमच्याबद्दल."